मदत हवी आहे: दोन महिन्यांत लांबचा नंबर −१.७५, साखर कधीच तपासलेली नाही

चष्मा_कळवा:
कळवा नाक्याजवळच्या दुकानात आज नंबर काढलेलं गिऱ्हाईक: वय ५२, रिक्षाचालक, राहणार विटावा. दोन महिन्यांपूर्वी लांबचा नंबर शून्य, जवळचा +२.००. आज दोन्ही डोळ्यांना लांबचा −१.७५. काचा लावल्या की ६/६, म्हणजे पूर्ण स्पष्ट, पिनहोलमधूनही (बारीक छिद्रातून पाहिल्यावरही) ६/६. समोरच्या बसची पाटी धूसर दिसते, एवढीच तक्रार. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचता येतोय म्हणून खूश आहेत. काचा आजच हव्यात म्हणतात. देऊ का? आणि ६/६ दिसत असताना डोळ्यामागच्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी लगेच करायला सांगावी, की साखरेचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं?

पडदा_तपासणी_ठाणे:
काचा देऊ नका, वाया जातील. मोतीबिंदूनेही जवळचा चष्मा सुटतो, पण त्याला महिने-वर्षं लागतात. दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखाच सरकला, तर पहिला संशय साखरेचा. रक्तात साखर वाढली की डोळ्यातल्या भिंगात सॉर्बिटॉल साठतं, ते पाणी ओढतं, भिंग फुगतं आणि नंबर मायनसकडे जातो. औषधं सुरू झाली की तोच नंबर उलट फिरतो, कधी प्लसमध्येही जातो. साखर आटोक्यात येऊन ४ ते ६ आठवडे स्थिर राहिल्यावरच नंबर काढा. चालू औषधांची पट्टीही बघायला मागा. टोपिरामेटसारख्या (फिट्स, मायग्रेनवरच्या) गोळीनेही नंबर असाच अचानक मायनस होतो.

पिनहोलने ६/६ आलं याचा अर्थ धूसरपणा नंबरचा आहे, एवढाच. पडदा चांगला आहे असा नाही. मॅक्युलाला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला, सूज येईपर्यंत माणूस ६/६ वाचतो आणि कडेला रक्ताचे ठिपके पडलेले असतात. टाइप २ मधुमेहात निदान होण्याआधी साखर कित्येकदा वर्षानुवर्षं वाढलेली असते. म्हणून निदान झालं की लगेच पडदा पाहायचा, पुढे दरवर्षी. उशीर करू नये याला आणखी एक कारण आहे. पडदा आधीच बराच खराब असेल, तर साखर झपाट्याने उतरवल्यावर तो काही काळ जास्त बिघडू शकतो. म्हणून साखरेचे उपचार थांबवायचे नाहीत, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पडद्याची अवस्था माहीत हवी.

लॅब_ऐरोली:
साखरेचं सांगते. उपाशीपोटी १२६ (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.५ टक्के किंवा जास्त, यातलं काहीही आलं तर मधुमेह. तहान, रात्री वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं नसतील तर दुसऱ्या तपासणीने पक्कं करायचं. लक्षणं असतील तर कधीही घेतलेली साखर २०० किंवा जास्त आली तरी पुरे. ती नॉर्मल आली म्हणून मात्र सोडू नका, उपाशीपोटीची करायलाच लावा. एचबीए१सी वर एकट्यावर विसंबू नका. लोह कमी असेल तर ते खोटं जास्त येतं, थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमध्ये आकडा फसवतो.

दुकानात ग्लुकोमीटर असेल तर आधी हात साबणाने धुवून पुसायला लावा. आंबा किंवा पेढा खाल्लेल्या बोटातून आकडा फुगतो. लॅन्सेट (बोट टोचायची सुई) प्रत्येकाला नवी. मशीनचा आकडा म्हणजे इशारा, निदान शिरेतल्या रक्तावर. आकडा ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत पाठवा.

चष्मा_कळवा:
आत्ता विचारलं. रात्री चार-पाचदा उठतात, पँट सैल झालीय. उद्या पाठवतो. कळव्याचं शिवाजी हॉस्पिटल जवळ पडतं. चिठ्ठीत काय लिहू?

पडदा_तपासणी_ठाणे:
उपाशीपोटी जाऊ दे. आधी रक्त, मग नाश्ता, मग डोळ्यांची ओपीडी. सोबत माणूस हवा आणि रिक्षा घरीच. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि ४ ते ६ तास उजेड टोचतो, जवळचं दिसत नाही. थेंब दुकानात घालू नका. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कोन अरुंद असेल तर डोळ्याचा दाब चढतो, थेंबांत फिनाइलएफ्रिन हे औषध असेल तर बीपीही. बीपी तिथे मोजायला सांगा, कारण पडद्यावरचं रक्त प्रत्येक वेळी साखरेचंच नसतं.

चिठ्ठी अशी: 'वय ५२. दोन महिन्यांत दोन्ही डोळे ० वरून −१.७५. काचांनी ६/६. रात्री वारंवार लघवी, वजन घटलं. साखर पूर्वी तपासलेली नाही. रक्तातील साखर, बीपी आणि बाहुली मोठी करून दोन्ही पडद्यांची तपासणी व्हावी. चष्मा दिलेला नाही.'