‘रनिंग मेट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीविषयी मराठीत लिहिताना ‘रनिंग मेट’ या शब्दापाशी दर वेळी अडायला होते. ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ असे लिहिले की काम भागते. पण डोनाल्ड ट्रम्प यांनी १५ जुलै २०२४ रोजी जे. डी. व्हान्स यांचे नाव जाहीर केले, तेव्हा त्यांनी नेमके काय केले, ते या शब्दांतून पुरेसे कळत नाही. ‘जोडीदार’, ‘साथीदार’ आणि ‘सहउमेदवार’ हे शब्दही वाचनात येतात. यांपैकी कोणता शब्द योग्य मानावा?

प्रतिसाद

मूळ शब्द घोड्यांच्या शर्यतीतला आहे. एकाच तबेल्यातले दोन घोडे शर्यतीत उतरवले जात, आणि त्यांपैकी एकाचे काम स्वतः जिंकण्याचे नसून मुख्य घोड्यासाठी वेग राखून देण्याचे असे. त्या दुसऱ्या घोड्याला ‘रनिंग मेट’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात हा शब्द अमेरिकी राजकारणात शिरला, तो त्या दुय्यमपणासकट. मराठीत उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, निवडणूक लढवतो, रिंगणात उतरतो आणि न जमल्यास माघार घेतो. एखादा नेता ‘अध्यक्षपदाच्या शर्यतीत आहे’ असे आपण म्हणतो खरे, पण त्याला धावायला काही लावत नाही. त्यामुळे ‘धावसोबती’ यासारखा शब्द घडवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

खरी अडचण शब्दापेक्षा व्यवस्थेत आहे. अमेरिकेत मतदार अध्यक्ष आणि उपाध्यक्ष या दोघांच्या जोडीला एकच मत देतो. त्याला एका पक्षाचा अध्यक्ष आणि दुसऱ्या पक्षाचा उपाध्यक्ष असे मत देता येत नाही. ही जोडी मूळ राज्यघटनेत नव्हती. प्रत्येक निर्वाचक (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांकडून आलेला प्रतिनिधी) दोन मते देई आणि दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उपाध्यक्ष होई, त्यामुळे १७९६ मध्ये जॉन ॲडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष. पुढच्याच निवडणुकीत जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना प्रत्येकी ७३ मते पडली, निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि तेथे मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्यावर जेफरसन निवडून आले. या गोंधळातूनच १८०४ ची बारावी घटनादुरुस्ती आली आणि निर्वाचकांनी दोन्ही पदांसाठी वेगवेगळे मत देण्याची पद्धत सुरू झाली. पक्षांनी दोन नावे बांधून पुढे करण्याला खरा अर्थ त्यानंतरच आला.

भारतात असे काहीच नाही. राष्ट्रपती संसदेच्या आणि विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांकडून निवडले जातात, तर उपराष्ट्रपती केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांकडून, आणि या दोन निवडणुका एकमेकींना बांधलेल्या नसतात. महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले सी. पी. राधाकृष्णन सप्टेंबर २०२५ मध्ये उपराष्ट्रपती झाले, तेव्हा राष्ट्रपतिपदाची निवडणूक नव्हतीच. जगदीप धनखड यांच्या राजीनाम्याने ते एकच पद रिकामे झाले होते. जी गोष्ट आपल्याकडे घडतच नाही, तिला तयार शब्द नसणे हा मराठीचा उणेपणा मानण्याचे कारण नाही.

आता आपण सुचवलेल्या पर्यायांविषयी. ‘जोडीदार’ हा शब्द अर्थाने जवळचा आहे, परंतु आज तो प्रामुख्याने पती किंवा पत्नी या अर्थाने वाचला जातो. ‘हॅरिस यांनी जोडीदार निवडला’ या वाक्याने वाचक क्षणभर तरी बिचकेल. ‘साथीदार’ हा शब्द गुन्हेवृत्तांनी कधीच पळवला आहे. ‘सहउमेदवार’ दिसायला निर्दोष आहे, पण एकाच जागेसाठी उभ्या असलेल्या इतर उमेदवारांनाही तो लागू पडू शकतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ निघण्याची सोय त्यात आहे. माझ्या मते ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ हाच पाया धरावा आणि नाते सांगायचे असेल तेथे ‘ट्रम्प यांच्या जोडीने उभे असलेले’ असे स्पष्ट लिहावे. चार शब्द जास्त खर्च होतात, ते होऊ द्यावेत.

दुसरा प्रतिसाद

या मांडणीशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘उपाध्यक्षपदाचा उमेदवार’ हा शब्द सगळीकडे पुरत नाही. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ॲडलाय स्टीव्हन्सन यांनी आपल्या जोडीला कोण असावे हा निर्णय पक्षाच्या अधिवेशनावर सोपवला. एस्टिस केफॉव्हर आणि जॉन एफ. केनेडी हे दोघेही त्या वेळी उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडत होते, पण ‘रनिंग मेट’ झाले ते केफॉव्हर. चार वर्षांनी केनेडींनी स्वतः टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना बरोबर घेतले, तेव्हा दक्षिणेकडची मते हा उघड हिशेब होता. याउलट जेराल्ड फोर्ड हे उपाध्यक्षही झाले आणि अध्यक्षही झाले, मात्र ते कोणाचेच ‘रनिंग मेट’ कधी नव्हते. उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यू यांच्या राजीनाम्यानंतर १९७३ मध्ये अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी फोर्ड यांचे नाव सुचवले आणि पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यांना मान्यता दिली. थोडक्यात, हा शब्द पदाचा वाचक नाही, नात्याचा आहे, आणि ते नातेही मतदानाच्या दिवसापर्यंतचे. म्हणून बातमीत पहिल्या उल्लेखाला स्पष्टीकरण देऊन पुढे ‘रनिंग मेट’ हाच शब्द देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही. ‘पॅनेल’ आणि ‘व्हिप’ आपण असेच पचवले आहेत.

‘तिकीट’ या शब्दाविषयी मात्र सावध राहावे. मराठीत तिकीट म्हणजे पक्षाने दिलेली उमेदवारी. ते मिळते, कापले जाते आणि त्यावरून बंडखोरीही होते. अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ त्या दोघांची जोडी असाही होतो. ‘बायडेन-हॅरिस तिकीट’ असे लिहिले की आपल्या वाचकाला ते कोणी कोणाला दिले, असा प्रश्न पडतो. येथे ‘जोडी’ हा साधा शब्द पुरेसा आहे. ‘पॅनेल’ही येथे चालणार नाही, कारण आपल्या सहकारी संस्थांच्या निवडणुकीत एका पॅनेलमधल्या काहींना आणि दुसऱ्यातल्या काहींना मत देण्याची मोकळीक मतदाराला असते, जी अमेरिकी मतदाराला या दोन पदांपुरती नाही.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. आणखी एक शंका क्रियापदाविषयी आहे. ‘व्हान्स यांची उपाध्यक्षपदी निवड’ हे जुलै २०२४ पुरते बरोबर म्हणता येईल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

नाही, आणि माझ्या दृष्टीने ही चूक नामाच्या गोंधळाहून गंभीर आहे. ‘पदी निवड’ म्हणजे पद मिळाले. ते ५ नोव्हेंबरच्या मतदानावर ठरायचे होते, आणि व्हान्स यांनी शपथ घेतली ती २० जानेवारी २०२५ रोजी. जुलैत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या: ट्रम्प यांनी व्हान्स यांचे नाव जाहीर केले, आणि मिलवॉकी येथील रिपब्लिकन अधिवेशनाने त्याच दिवशी त्यांच्या उमेदवारीवर शिक्कामोर्तब केले. यांतील पहिलीसाठी ‘नाव जाहीर केले’ आणि दुसरीसाठी ‘उमेदवारी दिली’ असे लिहावे. ‘नियुक्ती’ आणि ‘नेमणूक’ हे शब्द दोन्हींसाठी वर्ज्य समजावेत. ते फोर्ड यांच्यासारख्या प्रसंगालाच थोडेफार शोभतील, आणि तेथेही काँग्रेसच्या मान्यतेचा उल्लेख हवाच.

हाच नियम उलट्या दिशेनेही पाळावा लागतो. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या जोडीने उभे असलेले सिनेटर थॉमस इगल्टन यांनी नैराश्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार घेतल्याचे उघड झाले, आणि थोड्याच दिवसांत त्यांची जागा सार्जंट श्रायव्हर यांनी घेतली. त्या प्रसंगी इगल्टन यांनी ‘राजीनामा दिला’ असे लिहिणे चुकीचे ठरेल, कारण उपाध्यक्षपद त्यांच्याकडे नव्हते आणि सिनेटचे सदस्यत्व तर त्यांनी सोडलेच नाही. तेथे ‘उमेदवारी मागे घेतली’ एवढेच लिहावे.