सगळे हंपबॅक सावरले नाहीत

कुणीकुणी म्हणतं की व्यापारी शिकारीवरच्या 1986 च्या बंदीनंतर हंपबॅक देवमासे सगळीकडे छान वाढले. दक्षिण गोलार्धात वाढलेत हे खरंय, पण आपल्या अरबी समुद्रातले बघा ना, ते दक्षिणेतल्यांसारखे अंटार्क्टिकाकडे जातच नाहीत, वर्षभर इथेच राहतात. सोव्हिएत जहाजांनी 1965-66 मध्ये त्यातले 242 मारले, बहुतेक नोव्हेंबर 66 मध्येच, ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या किनाऱ्यालगत, तेही बेकायदा, कितीतरी माद्या गाभण होत्या, आणि खरे आकडे बाहेर आले थेट नव्वदच्या दशकात. ओमानजवळचा नंतरचा अंदाज फक्त 82 च्या आसपास. त्यात जाळी आणि मोठ्या जहाजांच्या धडका. बाहेरून भर पडत नाही, त्यामुळे एकेक मादी महत्त्वाची आहे हो.