मदत हवी आहे : गणपतीला गावी जातोय, घर नऊ दिवस बंद. दाराचं काय करू? (ठाणे, कळवा-खारेगाव)

मधली_पायरी

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही खारेगावात राहतो. जुनी चार मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचा पहिला मजला. मजल्यावर तीन घरं. मागच्या मंगळवारी रात्री समोरचं घर फोडलं. ती मंडळी बारशाला नाशिकला गेली होती, फक्त एका रात्रीसाठी.

पहाटे साडेपाचला मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडायला गेले तर उघडेना. वाटलं, पावसाने फुगलं असेल. दोनदा ओढलं, मग यांना उठवलं. तेव्हा लक्षात आलं की बाहेरून कडी घातली आहे. तिसऱ्या घरालाही तशीच. खालच्या काकांना फोन करून वर बोलावलं, त्यांनी कड्या काढल्या. समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि कुलूप खाली पडलेलं, बंदच, कोयंड्यासकट. सात लिव्हरचं भारी कुलूप, त्याला ओरखडासुद्धा नाही. कोयंडा मात्र चार स्क्रूंवर होता, आणि ते स्क्रू माझ्या नखाएवढे.

आत गेलो तर स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर पालथे. तांदूळ, डाळी, हळद. हळदीत उमटलेली पावलं हॉलपर्यंत आली होती. मला ती पावलं बघून जास्त भीती वाटली, कारण माणूस घाईत नव्हता. चालत आला होता.

आता आमचं. शुक्रवारच्या मांडवी एक्स्प्रेसने कणकवलीला निघायचं, गौरी-गणपती आटोपून परत. नऊ दिवस घर बंद. इमारतीला वॉचमन रात्री असतो, म्हणजे खुर्ची असते. बजेट पंधरा हजारांच्या आसपास.

१. मुख्य दाराला काय बसवू? बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर आहे, आत साधा फ्लश डोअर, त्याला कडी-कोयंडा आणि एक जुनं लॅच.
२. कॅमेरा घ्यावा का?
३. सासूबाईंचं सोनं, पाटल्या, मोहनमाळ, नथ, मिळून आठेक तोळे. लॉकर नको म्हणतात. आणि ते सोनं कुठे ठेवलेलं असतं, हे वरचं वाचून तुम्ही ओळखलंच असेल.

अजून एक, हा प्रश्न नाही. समोरच्यांनी भांड्यांच्या मावशींवर संशय घेतला. त्या आमच्याकडेही येतात, अकरा वर्षं. चौकशीला बोलावलं होतं. तेव्हापासून त्या आमच्याकडे आलेल्या नाहीत.

रंधा_पटाशी

ताई, वीस वर्षं ठाण्यात सुतारकाम करतोय. कुलूप बदलण्याआधी चौकट बघा. चोर कुलूप तोडत बसत नाही. कटावणी घालतो ती दार आणि चौकटीच्या फटीत, जे सगळ्यात कच्चं असेल ते निघतं. तुमच्या समोरच्यांकडे कोयंडा निघाला, दुसरीकडे चौकटीची पट्टी निघते.

उद्या हे करा. दार उघडून चौकटीच्या खालच्या दोन्ही पायांत जाड सुई किंवा छोटा स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. भुसभुशीत लागलं तर वाळवी किंवा ओल. मग वर दहा हजारांचं कुलूप लावून उपयोग नाही. नंतर हाताने चौकट ढकलून बघा. हलली तर होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सुटलेत, ते आधी पक्के करून घ्या.

चौकट ठीक असेल तर बाहेरचा कोयंडा पूर्ण काढून टाका. दाराच्या आत बसणारं, तीन बोल्टचं, दोनदा चावी फिरणारं कुलूप लावा. चार हजारांच्या आत येतं. बोल्ट ज्या पट्टीत जातात, तिचे मूळचे अर्ध्या इंचाचे स्क्रू काढून तीन इंचाचे लावायला सांगा, म्हणजे ते चौकटीतून भिंतीपर्यंत जातात. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण तुम्ही समोर उभ्या राहिल्याशिवाय कोणी करत नाही.

आणि दार नुसतं ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागत नाही. लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, पातळ पट्टी सरकवली की मागे जाते. चावी फिरवायची. कोपऱ्यावर दूध आणायला जाताना पण.

वाफाळता_चहा

कुत्रा पाळा. कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आणि लाइट गेली तरी चालतो.

मधली_पायरी

@वाफाळता_चहा, कुत्र्याला कणकवलीला नेऊ की तोच घर राखत नऊ दिवस उपाशी बसेल?

@रंधा_पटाशी, दादा, टोचून बघितलं. डावा पाय ठीक. उजवा, जिथे पावसात लादी पुसल्याचं पाणी साचतं, तिथे स्क्रू ड्रायव्हर बोटभर आत गेला.

रंधा_पटाशी

मग कुलूप शुक्रवारच्या आधी नाही झालं तरी चालेल, तो पाय आधी. खालचा सडका भाग कापून नवीन सागाचा तुकडा जोडता येतो, पूर्ण चौकट बदलायची गरज नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडतं ना? मग त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरून दिसत असतील. त्या ठोकून काढता येतात. वेल्डरकडून दोन टाके मारून घ्या. आणि जाळीतून हात घालून आतली कडी निघते का, ते स्वतः हात घालून बघा. बाहेरच्या कड्यासुद्धा तिन्ही घरांनी काढून टाका. त्यांचा तुम्हाला काही उपयोग नाही, फक्त चोरांना आहे.

कोपरी_पूर्व

आमच्याकडे चार वर्षांपूर्वी झालं, ठाणे पूर्वेला. तेही पहिल्याच मजल्यावर. दाराला हातसुद्धा लावला नव्हता. संडासाच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून सरकवून काढल्या आणि डक्टच्या पाइपवर नीट रचून ठेवल्या. एकही फुटली नाही. डक्टमध्ये कोणी बघत नाही, शिवाय पाइप म्हणजे शिडीच. त्या खिडकीला आतून लोखंडी ग्रिल नसेल तर दाराच्या आधी तिथे पैसे घाला.

हॉलच्या ॲल्युमिनियम स्लायडिंगचाही तोच प्रकार. काच बाहेरून वर उचलली की ट्रॅकमधून निघते. वरच्या ट्रॅकमध्ये दोन स्क्रू अर्धे बाहेर ठेवून मारले की उचलता येत नाही. खर्च शून्य.

कॅमेऱ्याबद्दल : आमच्याकडे कॅमेरे होते. चोरांनी टीव्हीखालचा डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचा डबाच, काढून नेला, वायरी कापून, व्यवस्थित. आत काय झालं ते बघायला काहीच उरलं नाही. तुम्ही एकच वायफाय कॅमेरा घ्या, दाराकडे तोंड करून हॉलमध्ये आतून, आणि रेकॉर्डिंग मेमरी कार्डाबरोबर फोनवर किंवा क्लाउडवर जाईल असं बघा. राउटर आणि कॅमेऱ्याला छोटा यूपीएस. कॅमेरा खिडकीच्या काचेमागे ठेवून बाहेर रोखू नका, रात्री त्याचाच लाल प्रकाश काचेवर आपटतो आणि पांढरं धुकं दिसतं.

आता एक कायद्याचं. पूर्वी घरफोडीला भारतीय दंड संहितेची (आयपीसी) ४५४, ४५७, ३८० ही कलमं लागायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतली ३३१ आणि ३०५. ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. घर फोडलेलं दिसलं तर आत शिरू नका, आधी ११२ ला फोन. आम्ही सगळेच्या सगळे आत फिरलो, कपाटं उघडून बघितली. ठशांचा माणूस आला तेव्हा त्याने नुसता उसासा टाकला.

नेरूळ_सेक्टर_पलीकडे

आमचं सिडकोचं रो हाऊस. चोरीच्या भीतीने वडिलांनी सगळीकडे ग्रिल मारून घेतलं, वरच्या गॅलरीलाही. मग एका दिवाळीत शेजारच्या गॅलरीत फटाक्याने पडदा पेटला आणि लक्षात आलं की आपल्याकडे असं झालं तर बाहेर पडायला वाट नाही. आता एका खोलीच्या ग्रिलला उघडणारं दार आहे, आतून कुलूप, चावी खिळ्याला, घरातल्या सगळ्यांना माहीत. तुम्ही ग्रिल लावाल तेव्हा हे विसरू नका. आणि मजल्याच्या जिन्याला सामायिक कोलॅप्सिबल गेट लावायची टूम कोणी काढली तर आधी अग्निसुरक्षेचं बघा, वाट बंद करता येत नाही.

बाकी, हॉलचा दिवा नऊ दिवस सतत चालू ठेवू नका. भर दुपारी पेटलेला दिवा म्हणजे ‘घरी कोणी नाही’ अशी पाटीच. टायमरचा प्लग सहा-सातशेला मिळतो, संध्याकाळी सात ते अकरा लावून टाका. दूध-पेपर बंद करा. आणि गाडीत बसल्या बसल्या पनवेलच्या वडापावचं स्टेटस टाकू नका, परत आल्यावर टाका. वडापाव कुठे जात नाही.

प्रीमियम_भरला_का

विम्यात काम करतो म्हणून एक सांगतो. ‘आमचा घराचा विमा आहे’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांकडे भारत गृह रक्षा पॉलिसी असते, १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली. त्यात आग, पूर, भूकंप वगैरे आहे. चोरी आहे, पण अशा एखाद्या घटनेनंतर सात दिवसांत आणि तिच्यामुळे झाली तरच. नुसती घरफोडी त्यात बसत नाही, ते कव्हर वेगळं मागावं लागतं. दागिन्यांचं आणखी वेगळं. आणि दावा करताना जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा साधारणपणे लागतातच. दार उघडं राहिलं आणि कोणी आत आलं, तर अवघड.

दागिन्यांचे फोटो काढा, बिलं एका पाकिटात ठेवा. नव्या हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो, तो भिंगाने वाचून लिहून ठेवा. सासूबाईंच्या जुन्या पाटल्यांवर तो नसणार, त्यांचे फोटो जवळून, फुली-कोरीव काम दिसेल असे.

मधली_पायरी

सगळ्यांचे आभार. लॉकरबद्दल कोणी बोलेना म्हणून विचारते. सासूबाई म्हणतात, बँकेतून गेलं तर बँक थोडीच देणार आहे.

प्रीमियम_भरला_का

अर्धं खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी आहे, पण लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट इतकीच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आठ तोळे आज त्याच्या कितीतरी पट. तेव्हा त्यांना ‘बँक भरून देईल’ असं सांगू नका, त्या हिशोब मांडतील आणि जिंकतील. त्यांना सांगा की बँकेत तांदळाचा डबा नसतो.

जुनी_चाळकरीण

मावशींबद्दल कोणीच लिहिलं नाही. अगं, अकरा वर्षं येणाऱ्या बाईला तुमचं सोनं कुठे आहे हे माहीत असणारच, डबे तीच घासते. तिला चोरायचं असतं तर हळद सांडावी लागली नसती. सगळे डबे पालथे घालतो तो माहीत नसलेला माणूस. हे समोरच्यांना सांग, आणि पोलिसांनी विचारलं तर त्यांनाही सांग. मावशींच्या घरी तू स्वतः जा, फोन करू नकोस.

मधली_पायरी

गुरुवार रात्र, बॅगा भरून झाल्या.

चौकटीचा पाय झाला. सुताराने सडका तुकडा काढून माझ्या हातात दिला, बिस्किटासारखा चुरा झाला. आतलं कुलूप बसलं, तीन इंची स्क्रूंसाठी मी खरंच उभी राहिले आणि त्याने खरंच अर्ध्या इंचाचेच काढले होते पिशवीतून. संडासाच्या खिडकीला ग्रिल, सेफ्टी डोअरला वेल्डिंग, एक कॅमेरा, टायमर. सतरा हजार दोनशे. बाहेरच्या कड्या तिन्ही घरांनी काढल्या.

सोनं लॉकरमध्ये गेलं, नथ सोडून. नथ गौरीला लागते, ती सासूबाईंच्या कमरेच्या पिशवीत गाडीतून येतेय, आणि त्या पिशवीबद्दल बोलायची घरात कोणाची टाप नाही.

मावशींकडे काल गेले होते. विटाव्याला राहतात. आधी दारातूनच बोलल्या, मग चहा टाकला. समोरच्यांकडे पुन्हा जाणार नाही म्हणाल्या. आमच्याकडे रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालायला येतील. नवीन कुलपाच्या तीन चाव्या होत्या, एक त्यांना दिली. ‘दोनदा फिरवायची ना?’ एवढंच विचारलं त्यांनी.