दिल्लीत चित्रकार अमृता शेरगिल बघायचीय, सुरुवात कुठून?

प्रश्न: सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने चाललोय. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला अर्धा दिवस पुरेल?

उत्तर: पुरेल, फक्त सोमवार टाळा, बंद असतं. शेरगिलचं 'तीन मुली' (१९३५) हे चित्र आधी तीन मीटरवरून बघा. तिघींची नजर एकमेकींना भेटतच नाही. मग १९३७ची 'ब्रह्मचारी'. मधल्या काळात तिने अजिंठा पाहिलं, म्हणून आकार सपाट नि ठाशीव झाले. उलट क्रमाने बघितलं तर हा बदल निसटतो. काच चमकली तर बाजूला सरका.

आणखी एक: कागदावर बारीक रेषांची चित्रं काढणारी नसरीन मोहमदी मांडली असेल तर घाई नको. कागद फिका पडू नये म्हणून उजेड साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेडाचं माप), म्हणजे मंद ठेवतात. डोळे सरावायला वेळ लागतो. मागावरच्या ताण्यासारख्या त्या रेषा मोबाइलच्या फोटोत हमखास बिघडतात.

प्रश्नकर्ता: मंगळवारचं तिकीट बघतो.