कच्छ: रण उत्सवाचा टेंट घ्यावा का भुजला राहून कारागिरांची गावं बघावी?

मानपाडा_मंजिरी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात कच्छला जायचं घाटतंय. मी, नवरा, सासूबाई (सत्तरी ओलांडलीये, गुडघ्यांचा त्रास आहे) आणि नववीतली लेक. नवऱ्याच्या डोक्यात रण उत्सवाची टेंट सिटी पक्की बसलीये, पण पॅकेजचे आकडे बघून रण बघायच्या आधीच माझे डोळे पांढरे झाले. मला खरं तर तिथल्या हस्तकला बघायच्यात, लेकीलाही चित्रकलेचं वेड आहे, त्यामुळे नुसतं उंटावर बसून फोटो काढून यायचं नाहीये.

दुसरं म्हणजे मध्यंतरी इथे ठाण्यातच एका प्रदर्शनात अजरखचा (कच्छच्या ठशांच्या छपाईचा) दुपट्टा घेतला. विकणारा अगदी शपथेवर सांगत होता की हातचं काम, नैसर्गिक रंग वगैरे. नणंदेने हातात घेतला आणि म्हणाली स्क्रीन प्रिंट आहे गं, फसलीस. आता हे ओळखायचं कसं ते कुणी नीट सांगेल का, म्हणजे तिथे जाऊन पुन्हा तेच नको. तिकडे कुणाची ओळखपाळख नाही आणि गुजराती आम्हाला ढोकळा-फाफड्यापुरतीच येते.

खारघरचा_भटक्या

मंजिरीताई, टेंट सिटी सोडा. भुजला हॉटेल घ्या आणि दिवसाच्या भाड्याने गाडी ठरवा. टेंट सिटी धोरडोला, म्हणजे भुजपासून ८० किलोमीटरच्या आसपास, आणि तुम्हाला जी गावं बघायचीत ती बहुतेक भुजच्या अवतीभवती. भुजोडी ८ किलोमीटर, अजरखपूर साधारण १५, निरोणा ४० च्या आसपास पण वेगळ्या दिशेला. धोरडोला राहिलात तर रोज तेवढं मागे यायचं आणि परत जायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय होईल बघा.

पांढरं रण (मिठाचं वाळवंट) बघायला एक संध्याकाळ भरपूर झाली. दुपारी जेवून निघा, सूर्यास्त बघा, अंधार पडल्यावर थोडं थांबा आणि परत. परमिट लागतं, ऑनलाइन काढता येतं, सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. वाटेत भिरंडियाराला मावा मिळतो तो खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही. पौर्णिमेला रण सुंदर दिसतं हे खरं पण त्या रात्री माणसंच माणसं असतात, दोन-तीन दिवस मागेपुढे गेलात तरी चांदणं मिळतंच. रात्री थंडी कडाक्याची, आपल्याकडच्या डिसेंबरच्या भरवशावर जाऊ नका, स्वेटर कानटोप्या सगळं घ्या.

लेकीला चित्रकला आवडते म्हणताय तर निरोणाला अर्धा दिवस नक्की द्या. एकाच गावात तीन कामं बघायला मिळतात. रोगन तर प्रसिद्धच आहे, एरंडेल तेल तासन् तास उकळून घट्ट करतात, त्यात रंग कालवतात, तो चिकट गोळा तळहातावर घेऊन लोखंडी सळईने त्याची तार काढत कापडावर सोडत जातात, सळई कापडाला टेकतही नाही. अर्धं डिझाईन झालं की कापड दुमडून दाबायचं, दुसऱ्या अर्ध्या भागावर छाप उमटतो. अब्दुल गफूर खत्री यांना याच कामासाठी २०१९ ला पद्मश्री मिळाली.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडल्या त्या घंटा. लोहार लोक भंगारातला लोखंडी पत्रा ठोकून ठोकून गोल करतात, जोड वेल्डिंगचा नाही, पत्र्याच्या कडा एकमेकांत अडकवून बसवलेल्या. मग वरून तांब्या-पितळेची पूड लावून, मातीने लपेटून भट्टीत टाकतात, बाहेर काढून माती फोडली की तांबूस घंटा. खरी गंमत पुढे आहे. कारागीर ती कानाशी धरून वाजवतो, कडेला हातोडीचे दोन टोले देतो, पुन्हा वाजवतो, पाहिजे तो सूर लागेपर्यंत हेच चालू. कारण ही मूळची गुराढोरांच्या गळ्यातली वस्तू, मालधारी म्हणजे गुरं राखणाऱ्या माणसाला लांबून आवाजावरून कळायला हवं की आपलं जनावर कुठे चरतंय. आत लोलक लाकडाचा असतो. तिसरं काम वाढा समाजाचं लाखेचं, लाकूड दोरीच्या धनुकलीने गरगर फिरवायचं आणि त्यावर लाखेची कांडी टेकवायची, घासून जी उष्णता होते तिने लाख वितळून चढते. सावंतवाडीची खेळणी बघितली असतील तर अंदाज येईल, पण यांचे नागमोडी पट्टे वेगळेच असतात.

जायला कच्छ एक्स्प्रेस किंवा सयाजीनगरी. दोन्ही बोरिवलीला थांबतात, उगाच सामान घेऊन दादर-बांद्रा करू नका. फक्त घोडबंदरला गायमुखजवळ अडकायचा वेळ धरून घरातून निघा.

वाशीची_शिवणवाली

दुपट्ट्याचं मी सांगते, माझं दिवसभर कापडाशीच काम आहे.

आधी अजरख होतं कसं ते समजून घ्या मग ओळखणं सोपं जातं. कापड आधी सोडा, एरंडेल आणि उंटाच्या लेंड्या यांच्या मिश्रणात भिजवून धुऊन मऊ करतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, कापड पिवळट होतं. त्यावर चुना आणि डिंकाच्या लगद्याने ठसे मारतात, जिथे हा लगदा बसला तिथे रंग धरत नाही, ते शेवटपर्यंत पांढरं राहतं. काळ्या रंगासाठी भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात कुजवत ठेवतात आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात, हो तोच चिंचोका ज्याची खळ आपल्याकडे घोंगडीला लावतात. लोखंड आणि हिरडा एकत्र आले की काळं. लाल जिथे हवं तिथे तुरटीचा ठसा. मग सगळं कापड निळीच्या हौदात बुडवायचं, वाळवायचं, धुवायचं आणि शेवटी मंजिष्ठेत किंवा आता बऱ्याच ठिकाणी ॲलिझरिनमध्ये (तोच लाल देणारं तयार रसायन) उकळायचं, तेव्हा कुठे तुरटीच्या जागी लाल उमलतो. एकूण चौदा ते सोळा पायऱ्या, मध्ये प्रत्येक वेळी धुणं आणि उन्हात वाळवणं. आठवडे जातात.

आता तुमचा दुपट्टा काढा आणि उलटा करा. खऱ्या अजरखमध्ये कापड रंगात बुडालेलं असतं, म्हणून निळी किंवा लाल जमीन मागूनही तेवढीच गडद दिसली पाहिजे. स्क्रीन प्रिंटला रंग वरवर बसतो, मागची बाजू फिकट पांढुरकी. हे बघायला अर्धा मिनिट लागतो. मग ठशांचे जोड शोधा. हाताने ठसा मारला की कुठेतरी केसभर सरकतो, कुठे रेघ जाड कुठे बारीक, काठाच्या कोपऱ्यात नक्षी जुळवताना थोडी ओढाताण झालेली दिसते. सगळं इंचन् इंच सारखंच असेल तर मशीन. अस्सल जुन्या पद्धतीत तर दोन्ही बाजूंनी ठसे मारतात, त्याला बिपुरी म्हणतात, ते मिळालं तर डोळे झाकून घ्या.

ओल्या पांढऱ्या रुमालाने घासल्यावर थोडी निळी झाक आली म्हणून लगेच बोंब मारू नका, नीळ पहिल्या काही धुण्यांत सुटतेच. मात्र रंग नैसर्गिक का केमिकल हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, ठशाचं काम खरं आणि रंग केमिकल असंही भरपूर विकतात आणि त्यात वाईट काही नाही, फक्त तसं सांगून तसा भाव लावावा. तीन-चारशेत दुपट्टा आणि वर नैसर्गिक रंगाची शपथ, हे गणित मला तरी जमत नाही. २०२४ मध्ये कच्छच्या अजरखला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तरी दुकानातली पाटी म्हणजे पुरावा नव्हे, कापड उलटं करायचंच.

अजरखपूरला गेलात की पाण्याबद्दल विचारा. तिथले छपाई करणारे खत्री मूळ धमडका गावचे, तिथे नदीकाठी पिढ्यान् पिढ्या काम चालायचं. पाणी आटत चाललेलं आणि २००१ च्या भूकंपानंतर पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं. वर सांगितलं ना, लोखंड आणि हिरडा आले की काळं, मग असल्या पाण्यात रंग खुलणार कसे. म्हणून बऱ्याच खत्री कुटुंबांनी नवीन जागा शोधून अजरखपूर वसवलं, काही धमडक्यालाच राहिले. अजरखपूरलाच एलएलडीसीचं (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाईन सेंटर) भरतकामाचं म्युझियम आहे, ते सासूबाईंनाही आवडेल, आत बसायला जागा आहे.

कच्छी_माडू_नौपाडा

आमचं घराणं मूळ कच्छी, जन्म-शाळा सगळं ठाण्यात, घरी कच्छी आणि बाहेर मराठी. वाचून बरं वाटलं पण एक सांगू का, रण उत्सव हा कच्छचा सण नाहीये हो. तो सरकारच्या पर्यटन खात्याचा कार्यक्रम, वीसेक वर्षांतला. छान आहे, धोरडोच्या लोकांना कामधंदा मिळाला, २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांत नाव घेतलं, मला त्याचं कौतुकच आहे. पण तिथल्या माणसाला सण विचारलात तर तो आषाढी बीज सांगेल. ते आमचं नवीन वर्ष, तुमच्या आषाढी एकादशीच्या नऊ दिवस आधी. पाऊस आला की वर्ष सुरू, वाळवंटातल्या माणसाचं दुसरं काय असणार. नवरात्रात माता नो मढला आशापुरा मातेला लोक चालत जातात, मुंबईहून जाणारेही आहेत, रस्ताभर चहा-नाश्ता आणि पाय चेपून द्यायचे मंडप असतात. भादरव्यात (भाद्रपदात) नखत्राणा तालुक्यात जखची म्हणजे यक्षांची जत्रा भरते, बहात्तर यक्ष घोड्यांवर बसलेले. हाजीपीरच्या उरुसाला हिंदू-मुसलमान दोघेही जातात. डिसेंबरात यातलं काहीच नसतं, पण भुजच्या कुठल्याही चहावाल्याकडे विषय काढा, अर्धा तास गेला म्हणून समजा.

भरतकामाबद्दल पण एक. फेसबुकवर सगळे लिहितात की रबारी (गुरं पाळणारा समाज) बायका हौसेने भरतकाम करतात. हौस होतीच, पण लग्नाच्या आधी मुलीने स्वतःचा अख्खा आणा (सासरी न्यायचे कपडे) भरायचा, तो पुरा होईपर्यंत सासरी पाठवणी नाही. पस्तिशी गाठली तरी माहेरीच, अशाही मुली होत्या. शेवटी १९९० च्या दशकात ढेबरिया रबाऱ्यांच्या पंचांनी भरतकामावरच बंदी घातली. मग बायकांनी तयार लेस, रिकरॅक (नागमोडी फीत), पट्ट्या मशीनवर जोडून नवीनच नक्षी काढली, आणि ती पण काय सुरेख. ते बघायला मिळालं तर 'हे जुनं नाही' म्हणून बाजूला सारू नका.

सुफ भरतकाम मात्र लेकीला मुद्दाम दाखवा. कापडावर काहीही आखलेलं नसतं, उलट्या बाजूने धागे मोजत मोजत त्रिकोण भरत जातात. सोढा आणि मेघवाळ कुटुंबं १९७१ च्या लढाईनंतर पाकिस्तानातल्या थरपारकरमधून इकडे आली, हे काम त्यांचं. आता चष्मे लागलेल्या बायका तरुण पोरींना म्हणतात तुम्ही मोजा. चंदाबेन श्रॉफ मुंबईच्याच, १९६९ च्या दुष्काळात मदतीला धानेटीला गेल्या आणि बायकांना भरतकामाचं काम द्यायला सुरुवात केली, श्रुजन ही संस्था त्यातून उभी राहिली. शिवणवाली ताई म्हणतात ते म्युझियम श्रुजनचंच.

ऐरोली_काका

माझं मत जरा वेगळं. सगळे टेंट सिटीला नावं ठेवतायत पण सत्तरीच्या बाईंना रोज गाडीत घालून गावोगाव हिंडवणार का? आम्ही माझ्या आईला घेऊन टेंटमध्ये राहिलो, गरम पाणी, जेवण जागेवर, बॅटरीवर चालणारी गाडी दारात, संध्याकाळी मोरचंग आणि जोडिया पावा ही तिथली वाद्यं ऐकायला मिळाली, आई अजून नाव काढते. हस्तकलेचे स्टॉलही तिथेच असतात. महाग आहे, मान्य. पण एक रात्र तरी घ्या आणि बाकी भुजला राहा, दोन्ही पार्ट्या खूश.

खारघरचा_भटक्या

काका, एका रात्रीला माझी हरकत नाही. फक्त ती शेवटी ठेवा. आधी गावं बघितली असतील तर स्टॉलवर काय खरं काय खोटं ते आपोआप कळतं, उलट केलं तर सगळी खरेदी पहिल्याच रात्री स्टॉलवर उरकते आणि गावात जाऊन नुसतं चुकचुकायचं.

मानपाडा_मंजिरी

किती सविस्तर लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून थँक्यू. दुपट्टा उलटा केला. मागून निळं पार फिकट, नक्षी अगदी आखल्यासारखी सारखी. नणंदेला अजून सांगितलेलं नाही, इतक्यात सांगणारही नाही.

टेंटची एक रात्र शेवटी, हे नवऱ्यालाही पटलं. आता एकच, भुजोडीला शाली घ्यायच्या आहेत, पाच-सहा तरी, नातेवाइकांना द्यायला. तिथे पण असंच काही बघायचं असतं का? आणि घासाघीस करायची का?

वाशीची_शिवणवाली

भुजोडीत वणकर लोक हातमागावर विणतात, त्यांच्या शालीला जीआय आहे. पण गावातल्याच काही दुकानांत ॲक्रिलिकच्या आणि बाहेरून आलेल्या पॉवरलूमच्याही शाली लटकवलेल्या असतात. सुताचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा, लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास आणि हाताने चुरली की राख, ॲक्रिलिक असेल तर वितळून कडक गोळी. कुणी धागा द्यायला कां-कूं केलं तर पुढचं घर. नक्षीचे उठावदार ठिपके आणि त्रिकोण मागावरच जास्तीचा धागा हाताने घालून केलेले असतात. नातेवाइकांना द्यायला काला कॉटनचे स्टोल बघा, कच्छचा देशी कापूस, पावसाच्या पाण्यावर येणारा, सूत थोडं खरबरीत पण आपल्या दमट हवेत लोकरीपेक्षा तेच वापरलं जाईल. ठाण्यात लोकरीची शाल कपाटातच राहते.

घासाघीस दुकानात करा, मागावर बसलेल्या माणसाशी नको. पाच-सहा एकदम घेताय म्हटल्यावर तो स्वतःच काहीतरी कमी करतो. आणि काही राहिलंच तर बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कच्छचे स्टॉल लागतात अधूनमधून, तिथेही कापड उलटं करून बघायचं.

खारघरचा_भटक्या

आणि रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. नाताळच्या आठवड्यात जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसा, दुपारपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. सासूबाईंना खालचा बर्थ मागायला विसरू नका.