मदत हवी आहे: खानापूरच्या रक्तात व्हीईजीएफ चढा येतोय, आजारामुळे की प्रवासामुळे?

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत मी मधुमेहींच्या रक्तातला व्हीईजीएफ मोजते. नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारा हा ग्रोथ फॅक्टर. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर नको तिथे रक्तवाहिन्या वाढतात, त्यात त्याचा मोठा हात असतो.

बेळगावात घेतलेले नमुने ठीक येतात, खानापूर-निपाणीकडचे सगळे चढे. आधी वाटलं, तिकडच्यांचा आजारच पुढे गेलेला असेल. मग शंका आली की नमुने तिकडून इथे यायला वेळ लागतो त्यामुळे तर नाही? म्हणून स्वतःचं रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या दोन नळ्यांत काढलं. एक लगेच सेंट्रिफ्यूजला (नळी वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवणाऱ्या यंत्राला) लावली, दुसरी चार तासांनी. दुसरीचा आकडा दुपटीच्या वर!

प्लेटलेटमध्ये व्हीईजीएफ साठलेला असतो. रक्त गोठलं, नळी हिंदकळली, उशीर झाला की तो बाहेर पडतो. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात, तर तो प्लाझ्माच्या (न गोठलेल्या रक्तातून पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या) कितीतरी पट दिसतो, म्हणून सीरम मी केव्हाच सोडलं. व्हीईजीएफ मोजायचं एलायझा किटही तपासलं. ठरावीक मात्रा मिसळून पाहिली तर ८० ते १२० टक्क्यांच्या आत परत मिळते.

खानापूरच्या केंद्रात साधा सेंट्रिफ्यूज आहे. तिथे अर्ध्या तासात एकदा फिरवून, प्लाझ्मा इथे आणून १०,००० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराने) पुन्हा दहा मिनिटं फिरवला तर चालेल का? रक्त गोठू न देणारं सीटीएडी मिश्रण असलेल्या नळ्या कुणी वापरल्यात का? आणि जुन्या नमुन्यांचं काय करू? ऊसतोडीतून वेळ काढून, मराठी-कन्नड संमतीपत्र नीट ऐकून घेऊन लोकांनी हात पुढे केला होता. ते फेकायला मन होत नाही.

प्रतिसाद १: दोनदा फिरवणं योग्यच, पण दुसरी फेरी प्लाझ्मा फ्रीजरमध्ये गोठवण्याआधी हवी. गोठवलं की उरलेल्या प्लेटलेट फुटतात. पहिल्या फेरीनंतर तळाजवळचा अर्धा सेंटिमीटर प्लाझ्मा घेऊ नका, कितीही कमी मिळो. सीटीएडी प्लेटलेटना शांत ठेवते, पण निम्म्या लोकांचं रक्त एका प्रकारच्या नळीत आणि निम्म्यांचं दुसऱ्या, असं करू नका. जुन्या नमुन्यांत प्लेटलेट फॅक्टर ४ (प्लेटलेटमधूनच सुटणारं एक प्रथिन) मोजा. तो चढा असेल तर तो व्हीईजीएफ नळीत सुटलेला समजा.

धागाकर्ती: फॅक्टर ४ सुचलाच नव्हता, मनापासून आभार. जुने नमुने मात्र एकदाच फिरवून गोठवलेत. मग त्यांत फॅक्टर ४ सगळीकडेच चढा येईल ना? तरी बेळगावच्या आणि खानापूरच्या नमुन्यांतला फरक त्यातून कळेल का?