विक्रेत्याच्या डेटाबेसवर आपले इंडेक्स असावेत का?

धागाकर्ता:
आमच्या गोदामाचे विकत घेतलेले सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीवर चालते आणि महिनाअखेरचे अहवाल वेळेत निघावेत म्हणून मी त्यावर काही इंडेक्स, म्हणजे नोंदी लवकर शोधण्यासाठीच्या सूची, तयार केले आहेत. गेल्या अपडेटमध्ये विक्रेत्याची स्क्रिप्ट एका कॉलमचा डेटाटाइप (त्यातील माहितीचा प्रकार) बदलत होती. माझा इंडेक्स त्याच कॉलमवर असल्याने ५०७४ क्रमांकाची त्रुटी आली आणि अपडेट मध्येच अडकले. चूक माझी होती, पण ती इंडेक्स तयार करण्यात नसून अपडेटपूर्वी तो न काढण्यात होती, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १:
मी असहमत आहे. शेअरपॉइंट या मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवज-प्रणालीच्या डेटाबेसमध्ये इंडेक्स वाढवणे किंवा बदलणे मायक्रोसॉफ्टने स्पष्टपणे असमर्थित ठरवले आहे आणि त्यामागे कारण आहे. इंडेक्सचा परिणाम केवळ वाचनाच्या वेगावर होत नाही. युनिक इंडेक्स घातला, तर विक्रेत्याच्या प्रोग्रामला चालणारी दुबार नोंद नाकारली जाते. फिल्टर्ड, म्हणजे निवडक नोंदींपुरता इंडेक्स घातला, तर ज्या जोडणीत क्वोटेड आयडेंटिफायर (दुहेरी अवतरणातील मजकूर नाव म्हणून वाचण्याची सेटिंग) बंद असतो तिथून नोंद घालणेच अयशस्वी होते. अशी तक्रार आली की विक्रेता हात वर करतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

प्रतिसाद २:
सर्वांना एकच नियम कसा लावता येईल? सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचे दुय्यम इंडेक्स एबीएपी डिक्शनरीतच (तक्त्यांच्या व्याख्यांची सॅपची स्वतःची नोंद), वाय किंवा झेडने सुरू होणाऱ्या नावाने नोंदवता येतात, त्यामुळे ते कोणाचे हे प्रणालीला ठाऊक असते. विक्रेत्याने अशी वाट ठेवली आहे का, हे आधी पाहावे.

धागाकर्ता:
युनिक आणि फिल्टर्ड इंडेक्सबद्दलचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. ते मी करत नाही. आता प्रत्येक इंडेक्सच्या नावाला आमचा उपसर्ग आहे, अपडेटपूर्वी ते काढणारी आणि नंतर घालणारी स्क्रिप्ट आहे, आणि परत घालण्याआधी नव्या आवृत्तीने त्याच कॉलमवर स्वतःचा इंडेक्स आणला आहे का, हे मी सिस.इंडेक्सेस आणि सिस.इंडेक्स_कॉलम्स या सर्व्हरच्या स्वतःच्या याद्यांमध्ये तपासतो. कोणता इंडेक्स किती वापरला गेला याची आकडेवारी सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसली जाते, म्हणून महिनाअखेर उलटल्याखेरीज कोणताही इंडेक्स निरुपयोगी ठरवत नाही.

प्रतिसाद १:
ही शिस्त स्तुत्य आहे, पण ती आपल्यापुरती राहते. आपण रजेवर असताना दुसऱ्याने अपडेट चालवले, तर ती स्क्रिप्ट त्याच्या हाती कशी पोहोचेल? ती विक्रेत्याला पाठवून अपडेटच्या त्यांच्याच कार्यसूचीत पहिली पायरी म्हणून घालून घ्या. त्यांनी तेवढे लेखी मान्य केले, तर माझा विरोध उरणार नाही.